क्रमांक राहिला, वही गेली

या मालिकेत आपण एरवी बखरी, शिलालेख, जुनी दप्तरं यांच्यात रमतो. आजचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे आणि त्याची साधनं तुमच्याच घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात एखाद्या खोक्यात पडलेली असतील. दोन-तीन बंद पडलेले फोन, एक हार्ड डिस्क, काही सीड्या, आणि ज्याची वायर सापडत नाही असा एक डिजिटल कॅमेरा.

प्रश्न साधा आहे. एवढे हजारो फोटो आपण काढले, ते वेळेला सापडत का नाहीत? घरोघरी याचं उत्तर ठरलेलं असतं: तुम्ही नीट ठेवले नाहीत. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. फोटो कुठे आहे हा एक प्रश्न, आणि हा फोटो कुणाचा, कधीचा, कुठला ही माहिती कुठे आहे हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कसंबसं मिळतं. दुसऱ्याचं उत्तर आपल्या वतीनं कधी टोकियोत, कधी कॅलिफोर्नियात कुणीतरी देऊन टाकलं, आणि दर आठ-दहा वर्षांनी ते बदललं. आज त्या बदलांची गोष्ट.

मी बेंगळुरूत राहतो. इथे मराठी माणूस नवा नाही. १६३८ साली हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, पण तो विषय वेगळ्या भागाचा. सांगायचं एवढंच की इथल्या मराठी घरांत मला दोन तऱ्हेचे संग्रह दिसतात. मल्लेश्वरम, बसवनगुडीच्या जुन्या घरांत प्रिंटचे अल्बम. आणि २००० च्या आसपास पुणे, नागपूर, बेळगावहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेल्यांच्या व्हाइटफील्डच्या नाहीतर बन्नेरघट्टा रोडच्या फ्लॅटमध्ये हार्ड डिस्क. ओळखीच्या घरांचे फोटो लावून द्यायचा मला नाद आहे, त्यामुळे दोन्ही प्रकार हाताळले. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रिंट कुणाचा हे मला पुष्कळदा पाच मिनिटांत कळतं. पंधरा वर्षांपूर्वीची फाइल कुणाची हे कळायला आठवडा लागतो, आणि कधी कळतही नाही.

प्रिंट सोपा का जातो? कारण तो उलटा करता येतो. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, निगेटिव्हचा क्रमांक असतो, आणि नशीब असेल तर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं असतं: 'चि. सौ. कां. सुमनचे लग्नात, बेळगाव, मे १९६१' अशा धर्तीचं. स्टुडिओवाला निगेटिव्ह पाकिटात घालून त्यावर क्रमांक टाकायचा आणि तोच क्रमांक, गिऱ्हाइकाचं नाव, तारीख वहीत लिहायचा. जास्तीची कॉपी हवी असेल तर क्रमांक सांगायचा. फार थोर पद्धत होती असं नाही. स्टुडिओ बंद पडले की वह्या रद्दीत गेल्या आणि निगेटिव्ह भंगारात. पण व्यवस्थेचा आकार लक्षात ठेवा: वस्तू, तिच्यावर क्रमांक, आणि त्या क्रमांकाचा अर्थ सांगणारी वही.

आता जपानला जाऊ. १९९० च्या दशकात डिजिटल कॅमेरे बाजारात यायला लागले आणि प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं फाइल साठवायला लागली. ही बेबंदशाही थांबवायला तिथल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेनं दोन नियमावल्या काढल्या. १९९५ ची एक्झिफ आणि १९९८ ची डीसीएफ. तुमच्या फोनमध्ये आजही 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर आहे ना, तो या डीसीएफनं घालून दिलेला. डिजिटल कॅमेरा इमेजेस या शब्दांचं ते संक्षिप्त रूप. आत शंभरपासून सुरू होणारे फोल्डर, आणि फाइलचं नाव म्हणजे आधी चार अक्षरं, मग चार आकडे. आयएमजी_०००१. नाव इतकं आखूड का? कारण कार्डावरची मांडणी मायक्रोसॉफ्टच्या डॉसच्या काळातली होती. नावाला आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन, एवढीच तिची ऐपत.

या नियमावल्यांना मी नावं ठेवणार नाही. कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड कुठल्याही प्रिंटरला, कुठल्याही दुकानात चालायला लागलं ते यांच्यामुळेच. पण स्टुडिओच्या पद्धतीशी तुलना करून बघा. क्रमांक राहिला, वही गेली. शिवाय क्रमांकही चार आकडी, म्हणजे ९९९९ नंतर परत ०००१. कॅमेऱ्यातली सेटिंग तशी असेल तर नवं कार्ड घातलं की पुन्हा पहिल्यापासून. एकाच लग्नात काकाचा आणि मामाचा एकाच कंपनीचा कॅमेरा असला तर मंगलाष्टकांचा आयएमजी_०१४२ आणि पंगतीचा आयएमजी_०१४२ दोन्ही तयार. ते एका फोल्डरमध्ये ओतताना संगणक विचारतो, 'या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?' घाईत असलेला माणूस काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे.

मात्र वहीची थोडीशी भरपाई एक्झिफनं केली. फोटोच्या फाइलमध्येच एक छोटा कप्पा केला आणि त्यात कॅमेऱ्याचं मॉडेल, शटर, लेन्स, तारीख, वेळ हे आपोआप लिहिलं जाऊ लागलं. तारीख कॅमेऱ्याच्या घड्याळावरून. घड्याळाची बॅटरी गेलेली असेल तर फोटो कॅमेऱ्याला वाटेल त्या वर्षाचा. आणि आणखी एक उणीव, जी बेंगळुरूकरांना खास भोवली. एक्झिफमध्ये वेळ लिहायची, पण ती कुठल्या देशाची वेळ हे लिहायला जागाच नव्हती. ऑनसाइट गेलेल्या मुलानं कॅमेऱ्याचं घड्याळ भारतातल्याच वेळेवर ठेवलं तर कॅलिफोर्नियातला सकाळचा फोटो मध्यरात्रीचा दिसायचा, कारण फरक हिवाळ्यात साडेतेरा तासांचा. आपण रात्री दहाला जेवताना फोटो काढतो तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. दोन्हीकडचे फोटो एकत्र लावले की दिवाळीचा क्रम बिघडलाच. वेळेबरोबर तिचा पट्टाही नोंदवायची सोय नियमावलीत आली २०१६ साली. एकवीस वर्षांनी.

कार्डावरून फोटो संगणकावर आले आणि खरा तंटा तिथे सुरू झाला. २००२ साली, एकाच वर्षी, दोन प्रोग्राम आले आणि दोन घराणी तयार झाली. जानेवारीत ॲपलचा आयफोटो. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्याच एका छोट्या कंपनीचा पिकासा, जो गूगलनं २००४ मध्ये विकत घेतला आणि फुकट वाटला. गूगलचं बेंगळुरूचं केंद्रही त्याच वर्षी सुरू झालं, हा आपला एक योगायोग.

आयफोटो घराण्याचं म्हणणं असं: फोटो माझ्या स्वाधीन करा, मी ते माझ्या कोठारात माझ्या पद्धतीनं ठेवतो, तुम्ही फक्त माझ्या खिडकीतून बघा. सुरुवातीला त्या कोठारात वर्ष, महिना, दिवस असे फोल्डर तरी दिसायचे. २००७ च्या आवृत्तीपासून सगळं कोठारच बाहेरून एका फाइलसारखं दिसू लागलं. आत हजारो फोटो, बाहेर एक चित्र. आणि आजच्या मॅकवर मूळ फाइलींची नावंसुद्धा लांबलचक सांकेतिक अक्षरांची असतात. त्या माणसानं वाचाव्यात अशी अपेक्षाच नाही. पिकासा घराण्याचं म्हणणं उलट. तुमचे फोटो जिथे आहेत तिथेच राहू द्या, मी नुसती सगळी डिस्क धुंडाळतो आणि एकत्र दाखवतो. एस. पी. रोडवर जुळवून आणलेल्या पीसीवर हे फार सोयीचं होतं. दोनशे फोल्डरांचा पसारा तसाच राहायचा आणि तरी सगळं तारखेनं लागलेलं दिसायचं. २००९ मध्ये त्यानं चेहरे ओळखायला सुरुवात केली. एका चेहऱ्याला एकदा नाव द्या, बाकीचे तो शोधून आणतो. घरोघरी लोक रात्री बसून आत्या, काका, शेजारी यांना नावं द्यायला लागले.

मला विचाराल तर दुसरं घराणं पटतं. वस्तू मालकाकडे राहावी, कारकुनानं फक्त यादी करावी. पण यादी कुठे ठेवली जाते हे दोन्ही घराण्यांनी सांगितलं नाही, आणि मुद्दा नेमका तिथे आहे.

जयनगरच्या एका मावशींची गोष्ट सांगतो. त्यांनी सासरचे सगळे जुने प्रिंट स्कॅन करून घेतले होते. निपाणीकडचं मोठं कुटुंब, त्यातली निम्मी माणसं मावशींनी कधी पाहिलेलीही नव्हती. पण सासूबाई होत्या, त्यांची दृष्टी आणि स्मरण दोन्ही शाबूत होतं. दोघी रोज दुपारी संगणकासमोर बसायच्या. सासूबाई सांगायच्या, मावशी नाव टाकायच्या. प्रोग्राम कोणता होता ते सोडून द्या, त्या काळचे बहुतेक असेच होते. पुढे सासूबाई गेल्या. त्यानंतर वर्षभरात पीसी अडखळायला लागला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं ते नेहमीचं वाक्य म्हटलं, 'सी ड्राइव्ह कोरा करून विंडोज परत टाकतो, डीला हात लावत नाही, तुमचे फोटो सुरक्षित आहेत.' आणि ते खरं होतं. एकही फोटो गेला नाही. गेली ती नावं. कारण फोटो डीमध्ये होते आणि नावांची यादी प्रोग्रामनं स्वतःच्या सोयीसाठी सीमध्ये, कुणी सहसा उघडत नाही अशा आतल्या फोल्डरमध्ये ठेवली होती.

मी तिथे पोचलो तेव्हा फोटोंच्या फोल्डरांमध्ये काही लपवलेल्या छोट्या फाइली सापडल्या. त्यात प्रत्येक चेहऱ्याची चौकट कुठे आहे त्याचे आकडे होते, आणि प्रत्येक चौकटीपुढे एक लांब सांकेतिक क्रमांक. या क्रमांकाचं नाव काय हे लिहिलेली फाइल सी ड्राइव्हबरोबर पुसली गेली होती. म्हणजे मला हे सांगता येत होतं की १९४८ च्या मुंजीतला फेटेवाला आणि १९६३ च्या गृहप्रवेशातला काठी घेतलेला म्हातारा एकच माणूस आहे, सासूबाईंनी तसं सांगितलं होतं. माणूस कोण, ते नाही. त्यातले काही पुढे निपाणीच्या एका भाच्यानं ओळखले. उरलेल्यांना मावशी अजून क्रमांकानंच ओळखतात.

या गोष्टीत चोर कुणी नाही, व्हायरस नाही, आगपाणी नाही. प्रत्येकानं आपलं काम बरोबर केलं.

इथे कुणी म्हणेल, आता क्लाउड आहे, सी आणि डीची कटकट संपली. संपली खरी. २८ मे २०१५ ला गूगल फोटोज आलं, थोडी कमी केलेली प्रत चालत असेल तर कितीही फोटो फुकट. शोधण्याच्या बाबतीत त्याची कमाल मान्य करायलाच हवी. समुद्र, कुत्रा, वाढदिवसाचा केक असं लिहून फोटो निघतो, हे स्टुडिओच्या वहीला कधी जमलं नसतं. पण पुढचा घटनाक्रम बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये गूगलनं पिकासा बंद करत असल्याचं जाहीर केलं. ॲपलनं त्याआधीच, २०१५ मध्ये, आयफोटोच्या जागी फोटोज हा नवा प्रोग्राम आणला होता. आपल्याकडे जिथे सगळ्यांचे कॉलेजचे फोटो होते ते ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्येच बंद झालं. फ्लिकरनं २०१३ मध्ये एक टेराबाइट जागा फुकट दिली आणि मालक बदलल्यावर २०१८ मध्ये फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. गूगलचं 'कितीही' १ जून २०२१ ला संपलं. तेव्हापासून मेल, कागदपत्रं आणि फोटो मिळून पंधरा जीबी. कंपन्यांनी आधी सूचना दिल्या, मुदती दिल्या, फसवणूक वगैरे काही नाही. पण मराठी घरातला अल्बम तीन पिढ्या चालतो आणि या सेवांचं आयुष्य दहा वर्षांच्या आसपास, हा हिशेब आपण कुणीच केला नव्हता.

आणि क्लाउडनं एक नवा घोळ घातला, शब्दांचा. 'अल्बम' म्हणजे आपल्याला वाटतं फोटो ठेवायची जागा. तिथे अल्बम म्हणजे नुसती यादी. एकच फोटो पाच अल्बममध्ये दिसतो आणि असतो एकच. 'डिलीट' म्हणजे आपल्याला वाटतं फोनमधून काढला. तिथे फोन आणि क्लाउड जोडलेले असतील तर तो सगळीकडूनच निघतो, आणि कचरापेटीतून ठरावीक दिवसांनी कायमचा. जागा करायला म्हणून फोनमधून फोटो पुसणारी माणसं मी पाहिली आहेत. सगळं परत खाली उतरवून घ्यायची सोय गूगल देतं, आणि ती द्यायला हवीच. पण उतरवल्यावर प्रत्येक फोटोबरोबर एक वेगळी जेसन नावाची मजकूर-फाइल येते आणि तुम्ही तिथे लिहिलेलं वर्णन, दुरुस्त केलेली तारीख त्या फाइलमध्ये असते, फोटोमध्ये नाही. दिसायला निरुपयोगी म्हणून लोक त्या जेसन फाइली पहिल्यांदा पुसतात. वही परत मिळाली आणि आपण ती रद्दीत टाकली, असं काहीसं.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात. फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि एक्झिफचा कप्पा रिकामा होतो. नावात पाठवल्याची तारीख येते. म्हणून 'आमचे कुटुंब' गटावर आलेला आजोबांचा फोटो २०१९ चा असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. एवढी एक गोष्ट केली तरी पुष्कळ वाचेल.

आता आपल्या भाषेचं. एक्झिफच्या कप्प्यात वर्णन लिहायला जागा पहिल्यापासून होती, पण नियमावलीनुसार त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हंच लिहायची. शेऱ्यासाठी एका ठिकाणी अपवाद होता, तो फार थोड्या प्रोग्रामांनी वापरला. देवनागरीसकट जगातल्या सगळ्या लिप्या सामावणारं युनिकोड १९९१ पासून आहे. एक्झिफनं वर्णनाच्या जागेत या लिप्यांना अधिकृत प्रवेश दिला तो २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत. ॲडोबीनं २००१ मध्ये एक्सएमपी नावाचा दुसरा कप्पा काढला, त्यात मराठी लिहिता येत होतं. वृत्तपत्रांच्या जगातून आलेला तिसरा कप्पा आयपीटीसीचा. एका फाइलच्या पोटात तीन कप्पे. हा प्रोग्राम एकात लिहिणार, तो दुसऱ्यात बघणार आणि म्हणणार काही लिहिलेलंच नाही. त्यातून आपल्याकडे बरीच वर्षं मराठी टंकन व्हायचं ते श्रीलिपीसारख्या फॉन्टांमध्ये. दिसायला मराठी, संगणकाच्या दृष्टीनं इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या काळात कुणी मराठीत फोटोखाली ओळी लिहिल्या असतील तर आज त्या फॉन्टाशिवाय वाचता येत नाहीत.

एक गंमत सांगतो, आपल्या मराठीतली. 'कऱ्हाड' या शब्दातला ऱ. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अखंड चिन्ह म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता असा जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ॲपलची १९९८ सालापासूनची डिस्कची मांडणी फाइलच्या नावातली अशी चिन्हं आपोआप तोडून ठेवायची. २०१७ पासून आलेली नवी मांडणी तसं करत नाही. त्यामुळे जुन्या मॅकवरचा 'कऱ्हाड लग्न' फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नेला की तिथे 'कऱ्हाड लग्न' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी बसलेले दिसू शकतात. सातारा, सांगली, वऱ्हाडातल्या मंडळींनो, एक पुसण्याआधी दोन्ही उघडून बघा.

मग करायचं काय, असं तुमच्यापैकी पुष्कळांनी मागच्या भागाखाली विचारलं होतं. बेंगळुरूत कस्तुरबा रोडवर २०२३ च्या फेब्रुवारीत म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी खुलं झालं, आणि विज्ञानाच्या इतिहासाचं एक चांगलं अभिलेखागार एनसीबीएस या संस्थेत २०१९ पासून आहे. संग्रहालयं आणि अभिलेखागारं जगभर जे करतात ते स्टुडिओवाल्याच्या वहीपेक्षा फार वेगळं नाही. वस्तूला एक क्रमांक, तो परत कधीही दुसऱ्याला द्यायचा नाही. मूळ फाइलीला हात लावायचा नाही. वर्णन अशा रूपात ठेवायचं की एखादा प्रोग्राम बंद पडला तरी ते दुसऱ्यात उघडेल.

घरी मी याची गावठी आवृत्ती वापरतो. फाइलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग कॅमेऱ्यानं दिलेला जुना क्रमांक तसाच. म्हणजे १९६१-०५-००-स्कॅन-००१७, दिवस माहीत नसेल तर शून्य. माणसांची नावं फोटोच्या आतच, एक्सएमपीच्या कप्प्यात, देवनागरीत. त्यासाठी एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्राम आहे. फिल हार्वी या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञानं तो २००३ मध्ये लिहायला घेतला. दिसायला अगदी रुक्ष, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण फाइलच्या पोटातले सगळे कप्पे उघडून दाखवतो. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी साधी वही करावी, कागदाची चालेल. प्रोग्राम कुठलाही वापरा, फक्त सुरुवातीलाच एक प्रयोग करा. एका फोटोला नाव द्या, तो फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि नाव दिसतंय का बघा. दिसलं नाही तर पुढचे दोन हजार चेहरे त्यात भरू नका.

आणि प्रिंट स्कॅन करायला देत असाल तर दुकानदाराला स्पष्ट सांगा, मागची बाजूही हवी. बहुतेक जण ती करत नाहीत, कारण त्यांच्या मते तिथे काही नसतं. पुढच्या बाजूला जो क्रमांक तोच मागच्या बाजूला, शेवटी 'मागे' एवढं जोडून. पेन्सिलीचं अक्षर पुसट असेल तर रंगीत स्कॅन करून घ्या, काळ्यापांढऱ्यात ते उडून जातं.